गोथेनबर्गचा फोटो आणि ससून डॉकचा वास

दर उन्हाळ्यात स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा एक फोटो मुंबईकरांच्या ग्रुपांवर फिरतो. रात्री दहाचा उजेड, येता नदीचं संथ पाणी, काठावर लाकडी फळ्यांचा धक्का, त्यावर पाय सोडून बसलेली पोरं आणि मागे काचेच्या इमारती. खालचा मजकूर ठरलेला असतो: "आपल्या पूर्व किनाऱ्याचं असं का होत नाही?" त्याचं उत्तरही तिथल्या तिथे मिळतं. आधी ससून डॉक हलवा, मासळीबाजार शहराबाहेर काढा, तो वास गेला की बाकीचं होईल. २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शिवाजी महाराज मंडईतल्या मासेविक्रेत्यांना ऐरोली नाक्यावर हलवण्याचा विषय निघाला, तेव्हाही हीच भाषा कानावर आली. शिकलेसवरलेले, जग फिरलेले लोक हे बोलतात आणि दाखला देतात तो नेमका मी राहते त्या गोथेनबर्गचा. म्हणून जास्त चीड येते.

दाखला द्यायचाच तर शहर नीट बघून द्यावा.

गोथेनबर्गच्या मधोमध, कालव्याच्या काठावर, मासळीबाजारच उभा आहे. नाव फेस्केशर्का. व्हिक्टर फॉन येगरफेल्ट या वास्तुविशारदाने तो १८७४ मध्ये बांधला. जमिनीपासूनच चढत गेलेलं उतरतं छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या आणि आत एकही खांब नाही, त्यामुळे नवखा माणूस त्याला देऊळच समजतो. उघड्यावर, चिखलात चाललेली मासेविक्री छपराखाली, धुता येईल अशा जागी आणायची, एवढा साधा हेतू होता. पाया आणि सांगाडा थकला म्हणून २०२० मध्ये तो बंद केला, मोठा खर्च करून दुरुस्त केला आणि २०२४ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडला. आपला ससून डॉक १८७५ चा, म्हणजे दोन्ही एकाच पिढीचे.

आता तिथे बसून खायच्या जागा वाढल्यात आणि भाव चढे आहेत, हे खरं. घाऊक व्यापार मात्र अजून पश्चिमेला, स्टिगबेर्गस्तोर्येतच्या उताराखालच्या मच्छी बंदरात चालतो. हे बंदर १९१० चं. शहराच्या मध्यापासून फार तर दोन-अडीच किलोमीटर. भल्या सकाळी तिथे लिलाव होतो, ट्रक निघतात आणि वरच्या टेकडीवर माणसं घरात चहा-कॉफी घेत असतात. त्यांच्या नाकाला वास का येत नाही, याचं कारण मासळी दूर हलवली हे नाही. मासा बोटीवरच साफ होतो, पकडल्या पकडल्या बर्फात जातो, खोक्यात राहतो, जमिनीला लागत नाही. कोळंबी तर समुद्रातच, बोटीवरच्या मोठ्या भांड्यात खाऱ्या पाण्यात उकडली जाते आणि शिजलेलीच धक्क्याला लागते. लिलावाच्या शेडची फरशी उताराची असते, तिला गटार असतं, नळाला पाणी असतं आणि काम संपलं की ती धुतली जाते.

ताज्या मासळीला वास येत नाही, हे कुठल्याही कोळणीला विचारा. वास येतो तो बर्फ कमी पडला की, सांडपाणी साचलं की, सोललेल्या कोळंबीचा कचरा उन्हात पडला की. ससून डॉकमध्ये पहाटेपासून उकिडवं बसून कोळंबी सोलणाऱ्या बायकांना सावली, वाहतं पाणी, धड फरशी आणि स्वच्छतागृह या चार गोष्टी द्यायला किती खर्च येतो, याचा हिशेब मांडलेला मला या वादात कधी दिसत नाही. हलवण्याचा हिशेब मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो.

गोथेनबर्गचा स्वभाव समजून घ्यायचा तर जमिनीपासून सुरुवात करावी लागते. १६२१ मध्ये गुस्ताव्ह दुसरा अडॉल्फ या राजाने गोथेनबर्ग वसवलं, आणि दलदलीत शहर बांधायची विद्या डच लोकांकडे होती म्हणून आखणी त्यांच्याकडून करून घेतली. कालवे त्या वेळचे. खाली निळसर चिकणमातीचा थर आहे, काही ठिकाणी तो शंभर मीटरच्या आसपास खोल जातो. जुन्या इमारती या मातीत ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर उभ्या आहेत. हे लाकूड भूजलात बुडालेलं असेपर्यंत शेकडो वर्षं टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली की खुंट्यांच्या डोक्यांना हवा लागते, बुरशी धरते, लाकूड कुजतं आणि वरची भिंत तिरकी होत जाते. म्हणून शहराच्या पोटातून सध्या जो रेल्वे बोगदा काढताहेत, सुमारे आठ किलोमीटरच्या मार्गातला सहा किलोमीटर, त्यात खोदकामाइतकंच लक्ष भूजलाच्या पातळीकडे द्यावं लागतं. ती खाली जाऊ लागली तर जमिनीत पाणी सोडून सावरावी लागते. काम २०१८ पासून चालू आहे, लांबलंय, खर्च वाढलाय, आणि लोक त्याला मुंबईकरांच्याच तोंडाने शिव्या देतात.

या चिकणमातीचा एक धागा थेट चिंचवडला येतो. गामलेस्तादेन भागातल्या एका कापड गिरणीत लांबच्या लांब शाफ्टवर माग चालायचे. जमीन खचली की इमारत हलायची, शाफ्ट रेषेत राहायचा नाही आणि बेअरिंग फुटायची. गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून गोळ्यांच्या दोन ओळींचं, शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बॉल बेअरिंग काढलं. १९०७ साली त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. व्होल्वो तिच्याच पोटातून निघाली आणि १९२७ मध्ये तिची पहिली मोटार हिसिंगेन बेटावरच्या कारखान्यातून बाहेर आली. चिंचवडच्या एसकेएफमध्ये आयुष्य काढलेली माणसं पुण्यात घरोघरी आहेत. त्यांच्या हातातल्या बेअरिंगचा जन्म एका खचणाऱ्या गिरणीत झाला, हे मला इथलं कुठलंही प्रेक्षणीय स्थळ दाखवण्याआधी सांगावंसं वाटतं. हे कामकऱ्यांचं शहर आहे. ते सुंदर दिसतं ते नंतर.

आता ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, गोथेनबर्गमध्ये १८७९ मध्ये. म्हणजे आपण पाच वर्षं पुढे होतो. इथे ती १९०२ मध्ये विजेवर गेली, मुंबईत १९०७ मध्ये. मुंबईने ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम चालवली, कारण ती जुनाट, संथ आणि मोटारींच्या वाटेत येणारी ठरली. गोथेनबर्गमध्येही हे सगळं बोललं गेलं आणि तरी रूळ राहिले. आज नॉर्डिक देशांतलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं या शहरात आहे.

ट्राम म्हणजे काही परीकथा नव्हे. शरद ऋतूत ओली पानं रुळांवर चिकटली की चाकं घसरतात, म्हणून चाकापुढे वाळू सोडावी लागते. इटलीहून आणलेल्या ट्रामच्या सांगाड्यांना काही वर्षांतच गंज चढला आणि गाड्या दुरुस्तीला काढाव्या लागल्या. १२ मार्च १९९२ ला तर एक ट्राम उतारावरून सुटली आणि वासाप्लात्सेनच्या थांब्यावर धडकली. तेरा माणसं गेली. वीज गेल्यामुळे अडकलेली गाडी ब्रेक सोडून हलवण्याचा प्रयत्न झाला आणि ती हाताबाहेर गेली. एवढं होऊनही शहराने कामाची पद्धत बदलली, ट्राम बंद केली नाही. मुंबईत काही बिघडलं की पहिला विचार ते उखडून टाकण्याचा येतो. बेस्ट तोट्यात, तर बेस्ट गुंडाळा. इथल्या सार्वजनिक वाहतुकीचाही जवळपास निम्मा खर्च तिकिटातून निघत नाही, तो करातून भागवला जातो आणि त्याला तोटा म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचं कमीत कमी भाडं पाच रुपयांवरून दहा झालं, त्याची बातमी मी इथे ट्राममध्ये बसून वाचली आणि उरलेला प्रवास फार वाईट गेला.

समुद्राकडे जायचं ते या ट्रामनेच. ११ नंबर पकडायची आणि शेवटच्या थांब्यावर, सॉल्टहोल्मेनला उतरायचं. मध्यवर्ती भागातून अर्ध्या तासाच्या आसपास लागतं. उतरलं की समोरच बोटीचा धक्का. तिकीट तेच चालतं: ए झोनचं, नव्वद मिनिटांचं, ट्राम, बस आणि बोट तिन्हींवर. बोट दक्षिणेच्या बेटांवर जाते: ब्रेन्ने, स्तीर्शे, डोन्शे आणि सगळ्यांत दक्षिणेचं व्रोंगे. या बेटांवर मोटारी नाहीत. सामान वाहायला पुढे फळी असलेल्या तीनचाकी मोपेड असतात, म्हाताऱ्यांकडे गोल्फच्या गाड्या. डोन्शे दिसायला लहानसं गाव, पण तेलवाहू जहाजांच्या मालकांचं. ब्रेन्नेच्या धक्क्यावर उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी नाच असतो. १९९०च्या दशकापर्यंत हा पट्टा लष्करी होता आणि परदेशी माणसाला तिथे मोकळेपणी फिरता येत नसे, हे आज त्या बोटीतली गर्दी बघून खरं वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जुलैत सुट्टीच्या दिवशी दुपारी बोट भरते आणि धक्क्यावर माणसं राहतात, म्हणून सकाळी लवकर निघावं. वारा अडवणारं जाकीट ऊन असलं तरी हवंच. छत्रीचा उपयोग नाही, पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटते. वाळूची अपेक्षा ठेवू नका. किनारा म्हणजे हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला खडक, दुपारी तापलेला, त्यावर आडवं पडायचं. पाण्याला टेकणारा काळा पट्टा शेवाळी आणि निसरडा असतो, तिथे उभं राहिलं की पाय गेलाच, म्हणून बसून उतरावं किंवा शिडी शोधावी. उन्हाळ्याच्या शेवटी लाल जेलीफिश येतात. त्यांचे लांब धागे तुटून वेगळे तरंगत असले तरी चटका देतात, त्यामुळे एक दिसली तरी त्या खाडीत उतरू नये. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवावी.

याच्या शेजारी भाऊचा धक्का ठेवून बघा. मोरा, रेवसच्या लाँच तिथून आजही सुटतात. किती जुना, किती उपयोगी जलमार्ग! पण बेस्टच्या तिकिटावर लाँच चालत नाही आणि लाँचच्या तिकिटावर लोकल चालत नाही. पूर्व किनाऱ्याचं काही करायचं तर इथून सुरुवात करता येते. त्याला काच लागत नाही, समुद्रात भर घालावी लागत नाही, कुणाला हलवावं लागत नाही. किनारी रस्त्याचे १०.५८ किलोमीटर झाले, आणि त्यावर दुचाकीला मनाई आहे. ज्या शहरात घरटी मोटार नाही त्या शहराने समुद्राकाठची सगळ्यांत देखणी वाट मोटारवाल्यांना दिली आणि वर गोथेनबर्गचा फोटो लावला.

एक भौगोलिक गोष्ट फोटो टाकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. गोथेनबर्गला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. चंद्राच्या ओढीने पाणी वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होतं, बस. वादळ असलं तर वाऱ्याने मीटर-दीड मीटर चढतं, ते हिशेबात धरावं लागतं, पण रोजचं पाणी स्थिर असतं. म्हणून लाकडी धक्का पाण्याच्या हातभर वर बांधता येतो आणि पोरं पाय बुडवून बसतात. मुंबईत उधाणाच्या भरतीला साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. तसाच धक्का शिवडीला बांधला तर दिवसातून दोनदा समोर चिखल उघडा पडेल आणि पावसाळ्यात लाटा फळ्या घेऊन जातील. त्या चिखलात फ्लेमिंगो येतात, त्याला लागून तिवरं आहेत, आणि तो शिवडीचा स्वतःचा किनारा आहे. त्याला बाल्टिक-उत्तर समुद्राच्या मधल्या कोपऱ्याचं सोंग कशाला हवं?

किनारा कुणाचा, याबद्दल मात्र इथून घेण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये पाण्याच्या रेषेपासून शंभर मीटरपर्यंत, जमिनीकडे आणि पाण्याकडेही, बांधकामाला सहसा मनाई असते. काही ठिकाणी ती तीनशे मीटरपर्यंत वाढवलेली आहे. शिवाय कुणाच्याही जमिनीवरून चालण्याचा, खडकावर बसण्याचा, पोहण्याचा, एखादी रात्र तंबू ठोकण्याचा हक्क सगळ्यांना आहे, घराच्या अंगणाएवढं अंतर सोडून. नगरपालिका सवलती देतात, त्यावरून भांडणं होतात, श्रीमंत मालक बोटींच्या धक्क्यावर "खासगी" अशा पाट्या लावतात आणि त्या काढायला लावाव्या लागतात. तरी मूळ नियम टिकून आहे. आपल्याकडे किनारा नियमन क्षेत्राचा नियम १९९१ मध्ये आला आणि तेव्हापासून तो सैल होत गेला. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आला. कोकणातल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा. गुहागर-दापोलीला उद्या समुद्र दिसेल तो कुठल्यातरी रिसॉर्टच्या कुंपणातून.

आणि मासे. लॉब्स्टरचा हंगाम इथे २० सप्टेंबरनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता सुरू होतो, एक मिनिट आधी पिंजरा टाकता येत नाही. हौशी माणसाला सहा पिंजरे, व्यावसायिकाला चाळीस. पिंजऱ्याला लहान लॉब्स्टर निसटून जाण्याएवढी गोल भोकं ठेवावी लागतात. पाठीचं कवच नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर परत पाण्यात. आकार कितीही असो, पोटाखाली अंडी असलेली मादी परत पाण्यात. हे नियम २०१७ मध्ये कडक झाले, त्याआधी हौशी माणसाला चौदा पिंजरे चालत आणि कवच आठ सेंटिमीटरचं पुरे होतं. तेव्हा किनाऱ्यावर खूप चरफड झाली. मोजपट्टी मात्र आज प्रत्येक होडीत असते, पितळेची किंवा प्लास्टिकची, दोरीने बांधलेली. लॉब्स्टर वर आला की आधी डोळ्याच्या खाचेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत ती लावायची, मग बाकीचं.

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि चोपन्न जातींसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. फार चांगला निर्णय, आणि त्याचं कौतुक या फोटोवाल्यांपैकी कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. बोटाएवढी पापलेटं बाजारात दिसली की गिऱ्हाईकाने नको म्हणायचं, एवढं तरी मुंबई-पुण्यातल्या मासेखाऊंना जमण्यासारखं आहे. किनाऱ्याचं आकर्षण म्हणजे दिवे आणि बाकं नव्हेत. ताटात येणारा मासा पुढच्या पिढीला मिळेल का, हा त्यातला मोठा भाग आहे. वरळीच्या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर साठ मीटरऐवजी एकशे वीस करून घेतलं, कारण होड्यांना तिथूनच बाहेर पडायचं होतं. विकासाला आडवे आले म्हणून त्यांना केवढं बोललं गेलं! अशी माणसं गोथेनबर्गला असती तर त्यांचं म्हणणं आराखड्याच्या आधी ऐकलं असतं, असं मी म्हणणार होते.

पण ते पूर्ण खरं नाही, आणि इथे माझा सूर उतरतो. फोटोतला तो काचेचा काठ म्हणजे लिंडहोल्मेन आणि एरिक्सबेर्ग. तिथे जहाजं बांधली जात. १९७०च्या दशकात तेलाचे भाव चढले, मोठ्या तेलवाहू जहाजांना गिऱ्हाईक उरलं नाही, आशियातल्या कारखान्यांशी स्पर्धा झेपली नाही आणि एकेक गोदी बंद पडली. एरिक्सबेर्ग १९७९ मध्ये गेली. हजारो कामगार घरी बसले. चौऱ्याऐंशी मीटर उंचीची नारिंगी क्रेन तेवढी आठवण म्हणून उभी आहे. १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावाशी याचं नातं मला रोज दिसतं. फरक पुढच्या टप्प्यात पडला. इथे जमिनीचा मोठा भाग सार्वजनिक हातात आला, तिथे आधी शाळा, विद्यापीठाचा परिसर, कंपन्या आणि नदी ओलांडणारी बोट आली. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचे तीन सारखे वाटे करायचा १९९१ चा नियम २००१ मध्ये फक्त मोकळ्या जागेपुरता केला गेला आणि मैदानं, कामगारांची घरं यांच्या वाट्याला तुकडे आले. तरीही इथे काठावरच्या फ्लॅटचे भाव गोदी-कामगाराच्या नातवाला परवडत नाहीत. २४६ मीटर उंचीचा कार्लातोर्नेत मनोरा त्याच काठावर उभा राहिलाय आणि तो कुणासाठी बांधलाय हे विचारायची गरज पडत नाही.

हागा या जुन्या कामगार वस्तीचंही तसंच. पर्यटक तिथे ताटाएवढे दालचिनी बन खायला जातात आणि लाकडी घरांचे फोटो काढतात. तळमजला दगड-विटांचा, वरचे दोन मजले लाकडी, अशी ती कामगारांची घरं. आगीच्या भीतीने तीन मजली लाकडी घराला बंदी होती, तेव्हा तळाचा मजला दगडी करून १८७०च्या दशकात ही पळवाट मंजूर झाली. १९६०-७०च्या काळात नगरपालिकेने असे मोहल्लेच्या मोहल्ले पाडले. लांडाला गेलं, आनेदाल गेलं, मास्थुग्गेतचा मोठा भाग गेला. हागाही यादीत होतं. रहिवासी आणि विद्यार्थी अडून बसले म्हणून निम्मंशिम्मं वाचलं, आणि जे वाचलं तेच आज शहर जाहिरातीत दाखवतं. खोताची वाडी वाचवायला धडपडणाऱ्यांना "जुनाट लाकडं कवटाळून बसलेत" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गर्दीच्या वेळी मोटारीने शहरात शिरायचा कर इथे १ जानेवारी २०१३ ला आला. नाका नाही, फाटक नाही. कमानीवरचे कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि महिन्याचं बिल घरी येतं. वेळेप्रमाणे ९, १६ किंवा २२ क्रोनर, तासाभरात कितीही वेळा ओलांडलं तरी त्यातलं सर्वांत मोठं एकदाच, दिवसाला जास्तीत जास्त ६०. शनिवार-रविवार आणि जुलैत काही नाही. बिल चुकवलं की वर पाचशे क्रोनरचा भुर्दंड. २०१४ मध्ये यावर जनमत घेतलं, सुमारे ५७ टक्के लोकांनी नको म्हटलं. जनमत सल्ल्यापुरतं होतं, कराचा पैसा त्या रेल्वे बोगद्याला आणि रस्त्या-ट्रामच्या कामांना बांधलेला होता, नगरसभेने कर चालू ठेवला. मला तो पटतो. पण बहुसंख्य नको म्हणत असताना तो लादला गेला, ही गोष्ट मुंबईत घडली असती तर मी किती मोठ्याने ओरडले असते, तेही मला ठाऊक आहे.

इथल्या मराठी घरांत शनिवारी जेवणावर हा विषय निघतोच. बहुतेकजण हिसिंगेनवर मोटारींच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. काही जण ग्रुपवर तो फोटो टाकणारे असतात, आणि सगळ्यात तावातावाने बोलणारी मी असते. ससून डॉकची बाजू घ्यायला मला काही पडत नाही. मला पहाटे तिथून लोकल गाठायची नाही, उन्हात तो उतार चढायचा नाही. आणि गोथेनबर्गची बाजू घेताना मी जे "इथे" म्हणते, त्या इथल्या आंगेरेदमध्ये, ट्रामच्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या उंच इमारतींत, बाहेरून आलेल्यांची मुलं समुद्रापासून लांब वाढतात. तिकीट त्यांना बेटापर्यंत तेच चालतं. त्या बोटीत ती फारशी दिसत नाहीत. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो, तेव्हा घरी बसून मी मुंबईचे नकाशे बघते, आणि आपल्याला तिथलं काही बोलायचा हक्क किती उरला, हे मला नीट सांगता येत नाही.

मताचं म्हणाल तर इथे तीन वर्षं नोंदणीकृत राहिलं की परदेशी नागरिकालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. ट्रामच्या भाड्यावर, मच्छी बंदराच्या भवितव्यावर, त्या बोगद्याच्या खर्चावर मी बोलू शकते आणि मत टाकू शकते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या चार वर्षांत किनारी रस्ता उघडला आणि मासळीबाजार हलवण्याच्या बाता झाल्या. किनाऱ्यावर राहणाऱ्या, तिथेच पोट भरणाऱ्या कोळणीला या काळात आपल्या प्रभागातून निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता, आणि त्या वेळी माझ्या हातात मात्र एका दुसऱ्या देशातल्या बंदराची मतपत्रिका होती.